चौदा भुतांचं परमिट

सेफ्टीकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी तिथून बाहेर कसं पडायचं ते बघायचे. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी दारात ‘या, या’ करत उभी, आणि हे गृहस्थ चपला काढून थेट स्वयंपाकघरात. खिडकी उघडून खाली डोकावले, बाल्कनीचं दार ओढून पाहिलं, गॅसच्या नळीवरून बोट फिरवलं आणि मग कुठे सोफ्यावर टेकले.

“वैनी, तुमच्या घराला एकच दार हाय. बाल्कनीतून उडी मारलीत तर खाली तीन मजले. म्हंजे दार मोकळं पायजे. तो चपलांचा रॅक हलवा तिथून.”

मी पुण्याची. पाहुण्याने पाण्याचा घोट घ्यायच्या आधी यजमानाला सूचना द्यायच्या हा प्रकार मला नवा होता. आमच्याकडे सूचना यजमान देतो. मी तोंडावर हसू ठेवून ‘बघू हं’ म्हटलं. त्यावर त्यांनी ते वाक्य टाकलं, जे पुढे सहा वर्षं मी उठता-बसता ऐकणार होते.

“बगू म्हंजे कोण बगणार? नाव सांगा.”

रॅक माझ्या नवऱ्याने दाराबाहेरच्या भिंतीला हलवला. नाव मी त्याचं सांगितलं होतं.

काका मूळचे गुहागरकडचे. स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांचीचे पाइप बांधायला म्हणून तरुणपणी कंत्राटावर कुवेतला आले आणि पाइपांवरून चढता चढता तेलाच्या एका प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर झाले. बायको आणि मुलगा गावी. फहाहीलच्या आमच्या सात मजली इमारतीत ते पहिल्या मजल्यावर एकटे राहत. पहिलाच मजला का, तर त्याच्या वर राहणं म्हणजे उगाच जिने वाढवणं. त्यांचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मल्याळी, गुजराती, इजिप्शियन, सगळे त्यांना सेफ्टीकाकाच म्हणायचे. आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, ‘काका’ हेच त्यांचं नाव समजत असे. जगाला ‘नाव सांगा, नाव सांगा’ म्हणून पिडणाऱ्या माणसाला स्वतःला नाव नव्हतं, याची आम्ही बायका खूप थट्टा करायचो.

जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावरून कधी सुटला नाही. गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावायचे, “पळायच्या वेळेला रिव्हर्स सापडत नाय.” खिशात शिटी. दुसऱ्या खिशात लाल रंगाचे पुठ्ठ्याचे टॅग, प्लांटमध्ये बंद ठेवलेल्या मशीनला लावतात तसे. माझ्या मिक्सरची वायर जरा सोलवटली होती, तर त्याला टॅग लावून गेले. मी तो काढला आणि चटणी वाटली. दुसऱ्या दिवशी ते आले, टॅग कचऱ्याच्या डब्यात पाहिला आणि वायरीची जाडी बघून गेले. संध्याकाळी स्वतः नवी वायर आणून बसवली आणि जाताना एवढंच म्हणाले, “टॅग काढणाऱ्याचं नाव मी इचारत नाय. मला म्हायती हाय.”

शुक्रवारी सकाळी ते शर्कच्या मासळी बाजारात जायचे. आमच्यासाठीही आणायचे. आम्ही मासे खायला शिकलो ते त्यांच्यामुळे, पण मासा कधी नुसता आला नाही. घशात काटा अडकला तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ऐकून झाल्याशिवाय पिशवी हातात मिळत नसे. सई, माझी मुलगी, दारामागे उभी राहून त्यांची हुबेहूब नक्कल करायची. घरात आम्ही मराठी बोललो तरी ही उत्तर इंग्रजीतच देणार. काकांच्या नकलेपुरती मात्र अस्सल कोकणी.

एकदा आम्ही पाच कुटुंबं मिळून खैरानला समुद्रकाठी शॅले, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं घर, घेऊन राहिलो. पोरं पाण्याकडे धावली तशी काकांनी शिटी फुंकली.

“पोरांवर लक्ष कोणाचं?”

“सगळ्यांचं आहे की, काका,” माझा नवरा म्हणाला.

“सगळ्यांचं म्हंजे कोणाचंच नाय. नाव सांगा.”

मग प्रत्येकाला अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लागली. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये शंभर माणसं, पण अकरा ते साडेअकरा हा साहेब वाळूत ताठ उभा. मध्येच फोन बघायला खिशात हात घातला तर मागून शिटी. घोट्याएवढ्या पाण्यात पाय बुडवून बसलेल्या एका आजोबांनाही त्यांनी लाइफ जॅकेट चढवलं होतं. आजोबा म्हणाले, मी पोहतो रे बाबा. काका म्हणाले, बुडणारे सगळे पोहणारेच असतात.

असा माणूस आमच्या हॅलोवीनमध्ये कसा शिरला ते सांगते.

इमारतीतल्या पोरांना शाळेतल्या मित्रांकडून हॅलोवीनचं वेड लागलं होतं. रस्त्यावर मुखवटे घालून आरडाओरडा केलेला इथे कुणाला आवडत नाही, म्हणून मी घरमालकांची परवानगी काढली. म्हातारे कुवेती गृहस्थ, शेजारच्याच गल्लीत राहणारे. ते म्हणाले, रमजानच्या मध्यावर गिरगिआनला आमची नातवंडंही पिशव्या घेऊन दारोदार गोड मागत फिरतात. पोरं दारात येणं चांगलंच. फक्त इमारतीच्या आत आणि वेळेत. मग मी दोघी-तिघींना घेऊन सुरक्षिततेची बैठक बोलावली. मी सेक्रेटरी, मला कुणी नेमलं नव्हतं, पण अशा गोष्टींत नेमणुकीची वाट बघत बसले तर मी मी कसली. अनोळखी माणसाला दार उघडायचं का, मुखवट्याआड कोण आहे हे कसं ओळखायचं, उघडी चॉकलेटं घ्यायची का, असे गहन विषय चालले होते. काका चहा पीत कोपऱ्यात बसले होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले,

“तुमी भुतांना घाबरताव. भुतां घर जाळत नायत. बेल वाजली की तापल्या तेलाची कढई तशीच सोडून दाराकडे धावते ना, ती बाई घर जाळते.”

मला राग आला. “का? पुरुष नाही धावत?”

“पुरुष बेल वाजली तरी उठत नाय, वैनी. म्हणून तो सेफ.”

बायका हसल्या. मीही हसले, जरा उशिरा. काका पुढे बोलत राहिले. आमच्याकडे शिमग्याला सोंगं दारात येतात, इथे गिरगिआनला पोरं येतात, तुमचा हा हॅलोवीन म्हणजे बिनबोंबेचा शिमगाच. नाव काही द्या, धोका एकच. एका संध्याकाळी वीस वेळा दार उघडतं आणि घरातल्यांचं लक्ष वीस वेळा चुलीवरून उडतं. त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच मला फार लागलं.

पुढच्या वर्षापासून आमच्याकडे हॅलोवीनला परमिट निघू लागलं. प्लांटमध्ये कुठलंही धोक्याचं काम परमिटशिवाय सुरू होत नाही, तसंच. काम: भुतं फिरणे. जागा: तळमजला ते सातवा. वेळ: सहा ते साडेसात. भुतांची संख्या: चौदा. खाली काकांची वेटोळी सही. निघण्याआधी तळमजल्यावर मोजणी, परत आल्यावर मोजणी. ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे, रात्रपाळीची नर्स झोपली आहे, किंवा ज्यांना नकोच आहे, त्यांच्या दाराला लाल टॅग. तिथे बेल वाजवायची नाही. ज्यांना हवं त्यांना हिरवा. हा हिरवा टॅग काका साडेपाचला स्वतः घरोघरी जाऊन द्यायचे, आणि गॅसचा रेग्युलेटर बंद झालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय द्यायचे नाहीत. दारावर पाटी लावून माणसं लांब ठेवायची विद्या आम्हा पुणेकरांच्या रक्तातच आहे, पण पाटी लावण्याआधी घरात येऊन तपासणी करणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

पोरांची शाळा वेगळी. सगळी भुतं भिंतीला लावून उभी करायचे.

“काका, घोस्ट्स डोन्ट नीड परमिट,” एक चेटकीण म्हणाली. ती माझीच.

“मग घोस्टला चॉकलेट पण नाय,” काका म्हणाले, आणि प्रश्न मिटला.

कपडा सुती आहे की नाही हे बघायला प्रत्येकाचा झगा ते मुठीत चुरगळायचे. चुरगळलेला राहिला तर सुती, उसळून सरळ झाला तर नायलॉन. नायलॉनवाला घरी जाऊन बदलून येणार. झगा घोट्याच्या वर. मेणबत्ती नाही, बॅटरी. आणि शेवटी कपड्याला आग लागली तर काय करायचं याची कवायत. त्यांनी तिचं तीन शब्दांचं गाणं केलं होतं: “थांब! पड! लोळ!” चौदा भुतं तळमजल्याच्या फरशीवर एकदम लोळायची. हारिस कपाळावर हात मारून घ्यायचा, कारण फरशी त्याने नुकतीच पुसलेली असायची. एवढी इंग्रजी बोलणारी पोरं, पण हे तीन शब्द मराठीत. मल्याळी पोरंसुद्धा ‘लोळ’ असं म्हणायची की माझ्या आजीने मान डोलावली असती.

पहिल्या वर्षी रांग काही टिकली नाही. पोरं पुढे पळाली, एक लिफ्टमध्ये अडकता अडकता राहिलं. काका दोन दिवस परमिटचा कागद घेऊन बसले. मग म्हणाले, “सेफ्टी ऑफिसरच्या मागे कोण येत नाय, वैनी. संकासुराच्या मागे सगळी येतात.”

संकासूर म्हणजे कोकणातल्या शिमग्याचं सोंग. काळा झगा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, लोंबती लाल जीभ, कमरेला घुंगरू, हातात दोरी. गावी असताना काका वाडीचे ठरलेले संकासूर होते. इकडे आल्यापासून शिमग्याला सुट्टी एकदाही मिळाली नव्हती. त्यांनी फहाहीलच्या बाजारात बायकांचे काळे पायघोळ अबाये शिवणाऱ्या एका शिंप्याकडून काळा झगा शिवून घेतला. शिंप्याने बायकोची मापं विचारली. काका म्हणाले, बायको गावी आहे, मापं माझी घे. शिंप्याने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर ते महिनाभर करून दाखवत होते. झगा अर्थात सुती, आणि घोट्याच्या वर.

त्या संध्याकाळी जिन्यावर घुंगरू वाजले आणि आमच्या तिसऱ्या मजल्याच्या वळणावरून ती लाल जीभ वर आली, तेव्हा चौदा पोरं रांगेत, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, चिडीचूप. पंचवीस वर्षं ज्याला शिमगा मिळाला नव्हता तो माणूस ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला, सात मजले वर-खाली करून, आपला शिमगा खेळून घेत होता. त्याच्याकडे बघून मला उगाचच भरून आलं. आम्ही सगळे इथे आपापले सण कुठल्या ना कुठल्या दुसऱ्याच तारखेला साजरे करतो.

आता ती गोष्ट. ती सांगायची म्हणजे मला माझी पाठ थोपटून घेता येणार नाही, पण सांगते.

त्या वर्षी हॅलोवीन आणि दिवाळी एकाच आठवड्यात आले. ऑक्टोबर संपत आला की इथली हवा माणसात येते. एसी बंद होतात, खिडक्या उघडतात, संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो. मी दोन दिवस चकल्या तळत होते. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाच पाच पणत्या मांडल्या होत्या, खऱ्या, तेलवातीच्या.

साडेपाचला काका हिरवा टॅग घेऊन आले. संकासुराचा झगा घातलेला, दाढी आणि जीभ खिशात. रेग्युलेटर बंद झालेला पाहिला. मग दारापाशी येऊन पणत्यांकडे बघत राहिले.

“ह्या पणत्या वर ठेवा, वैनी. रॅकवर. पोरां झगे घालून येतत.”

“काका, पणती उंबऱ्याशीच लागते. रॅकवर काय चपलांना ओवाळायचंय?”

“मग साडेसातनंतर लावा.”

“दिवेलागणीला लावायच्या त्या साडेसातला? दिवाळीत तरी नियम बाजूला ठेवा ना!”

ते थोडे खजील झाले. सणासुदीला दुसऱ्याच्या दारात उभं राहून दिवा लावू नका म्हणणं त्यांनाही जड जात होतं. तरी विचारलंच. “बरं. पोरां दारात असताना ह्या पणत्यांवर लक्ष कोण ठेवणार? नाव सांगा.”

“आहोत ना आम्ही सगळे घरात!” मी म्हटलं, आणि त्यांच्या हातावर दोन गरम चकल्या ठेवल्या. “घ्या. कडबोळी नंतर देते.”

त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. पणत्यांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग परमिटवर आमच्या घरापुढे सही केली आणि हिरवा टॅग माझ्या हातात दिला. मी जिंकले होते. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

सहाला सई खाली गेली आणि पाच मिनिटांत रडत वर आली. तिचा काळा-लाल चकचकीत केप, आम्ही खास मागवलेला, काकांच्या मुठीत उसळला होता. नायलॉन. तो सोफ्यावर फेकून ती नुसत्या सुती फ्रॉकवर परत गेली. मी मनातल्या मनात काकांना चार शब्द सुनावले. नऊ वर्षांच्या पोरीची हौस ती काय, आणि हा माणूस तिच्यावर कायदे लावतो.

पावणेसातला घुंगरू वाजले. मी दार उघडलं. पुढे संकासूर, मागे रांग. नवरा आत टीव्हीसमोर. माझ्याच म्हणण्याप्रमाणे आम्ही सगळे घरात होतो. मी सगळ्यांना चॉकलेटं दिली आणि सईला पाहून मला सुचलं ते आईला सुचावं तसंच होतं. मी सोफ्यावरचा केप उचलला.

“सई, एक मिनिट. हा घाल. पणत्यांपाशी उभी राहा, आजीला फोटो पाठवते. काका, एकच मिनिट हं!”

संकासूर पुढच्या दाराकडे वळलेला होता. मी केप तिच्या गळ्यात बांधला, दोन पावलं मागे सरले, फोन वर धरला. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं आणि समोर जिन्याची खिडकीही. वारा घरातून आरपार गेला. फोनच्या पडद्यावर मी तो केप पंखासारखा उचललेला पाहिला आणि मला, देवाशपथ सांगते, वाटलं, काय छान फोटो येतोय.

मग खालची कड पेटली.

मी काही केलं नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण सगळ्यांना वाटतं की आई असली की हात आपोआप चालतात. माझ्या हातात फोन होता आणि तोंडातून आवाजही फुटला नाही. आवाज केला तो पोरांनी. तेरा भुतं एका सुरात ओरडली, “थांब! पड! लोळ!”

आणि माझी सई, जी काकांची नक्कल करायची, जी कवायतीला डोळे फिरवायची, ती पळाली नाही. ती थांबली. ती पडली, पणत्यांपासून लांब, मोकळ्या फरशीवर. लोळण्याआधीच संकासूर येऊन तिच्यावर कोसळला. त्या काळ्या झग्यात तिला गुंडाळून तिच्यासकट दोनदा गडगडला. घुंगरू वाजले, टोपी जिन्यावरून खाली गेली. सगळं मिळून मला एक श्वास घ्यायला लागतो तेवढ्यात झालं.

आग विझली होती. उठल्या उठल्या त्यांनी केसांची टोकं जळलेल्या सईला उचलून आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरलं. तिच्या पोटरीला रुपयाएवढा चट्टा होता. माझा नवरा टूथपेस्ट घेऊन धावला.

“टूथपेस्ट दातांना,” काका म्हणाले. “गार पाणी. वीस मिनिटं. घड्याळ कोण बगणार? नाव सांगा.”

“मी,” नवरा म्हणाला.

मग ते बाहेर गेले, एका हाताने एक एक करून दहाही पणत्या उचलून रॅकवर ठेवल्या, आणि भेदरलेल्या पोरांना म्हणाले, “रांगेत उभी राहा. मोजणी.” तेव्हा मला दिसलं की त्यांचा डावा हात कोपरापर्यंत लाल झाला आहे आणि झग्याला छातीशी मोठं भोक पडलं आहे. लाल जीभ अजून गळ्यात लोंबत होती. पोरांनी आपापले आकडे म्हटले. तेरा झाले. आतून, नळाच्या आवाजातून, सईचा बारीक आवाज आला, “फोर्टीन.” मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले.

डॉक्टरने दोघांनाही मलम दिलं. सईचा चट्टा महिन्याभरात पुसट झाला. काकांचा हात बरा व्हायला जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. हाताला पट्टी, काखेत फाइल. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, आधी हे. प्लांटमध्ये काही झालं की अहवाल लिहितात, तसा त्यांनी लिहून आणला होता, मराठीत, टपोऱ्या अक्षरात. काय घडलं. कुठे. किती वाजता. पणत्या जमिनीवर. केप नायलॉनचा. वारा आरपार. कुणावर राग नाही, टोमणा नाही. सगळे रकाने भरलेले, एक सोडून: पणत्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी असलेल्याचं नाव.

“हा तुमी भरा.”

मला वाटलं होतं ते ओरडतील, आणि त्याची मी तयारी केली होती. याची नव्हती. “काका, चूक सगळ्यांचीच झाली,” मी म्हटलं.

“सगळ्यांचं नाव कसं लिवतात, वैनी?”

त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं. मला वाऱ्याचं नाव लिहायचं होतं, नवऱ्याचं लिहायचं होतं, दिवाळीचं लिहायचं होतं. दुसऱ्याचं नाव सांगण्यात मी पहिल्या दिवसापासून तरबेज होते. मग मी माझं नाव लिहिलं, पूर्ण, माहेरच्या-सासरच्यासकट. लिहून झाल्यावर, कसं सांगू, कालपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, माझ्या नावाखाली अजून एक ओळ आखली आणि तिच्यावर लिहिलं: ‘परमिट देणारा’. पुढे स्वतःचं नाव.

“तुम्ही कशाला, काका? तुम्ही तर वाचवलंत तिला.”

“मी नाव इचारलं. तुमी नाव दिलं नाय. तरी मी सही केली.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “दोन चकल्यांपायी केली, वैनी. पोरीचं काय झालं असतं तर ह्या चकल्या मला जन्मभर गिळता आल्या नसत्या.”

इतक्या वर्षांत त्यांचं खरं नाव मी त्या कागदावर पहिल्यांदा वाचलं. ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते जबाबदारी म्हणून लिहिलं होतं. गोष्टीत वापरायला नव्हे.

गेल्या वर्षी त्यांचं कंत्राट संपलं आणि ते गावी गेले, कायमचे. जाताना घरातलं सामान हारिसला दिलं, टॅगांची पेटी मला दिली आणि संकासुराचा झगा सईला. छातीवरचं भोक मी ठिगळ लावून देते म्हटलं तर ती म्हणाली, “डोन्ट यू डेअर, आई.”

यंदाच्या हॅलोवीनला परमिट मी काढलं. साडेपाचला घरोघरी जाऊन रेग्युलेटर बघितले, मुठीत झगे चुरगळले आणि दोन नायलॉनवाल्यांना रडवलं. त्यांच्या आया माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. दिवाळी पुन्हा त्याच आठवड्यात आली होती; पणत्या सगळ्या मजल्यांवर रॅकवर, पोरांच्या हाताच्या वर. चपलांना ओवाळल्याबद्दल देवाने अजून तरी तक्रार केलेली नाही. सहा वाजता बारा वर्षांचा, दाढीवाला, छातीला भोक असलेला संकासूर घुंगरू वाजवत जिना चढू लागला. एक हात कठड्यावर होता.

आठ वाजता गुहागरहून फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“किती गेली?”

“सोळा.”

“किती आली?”

“सोळा.”

“घरचा गॅस कोणी बंद केलान?”

मी चकल्यांच्या डब्याचं झाकण लावत होते. सवयीने तोंडातून निघून गेलं, “अहो, आम्ही केला ना—”

“नाव सांगा.”

मी बोलायच्या आत सईने दाढी हनुवटीखाली ओढली, फोनजवळ तोंड नेलं आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग त्याच्यापुढे, कुणी न विचारता, स्वच्छ मराठीत म्हणाली, “मी केला, काका. मीच बघितला.”



“लिवून ठेव, गो बाय,” काका म्हणाले.